सरकारी दिवा, घरची वात

चाणक्याच्या दोन दिव्यांची गोष्ट मला लहानपणापासून आवडत नाही. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री चाणक्य राज्याचा कारभार पाहत बसलेला असतो. परदेशी पाहुणा भेटीला येतो. चाणक्य पेटता दिवा विझवतो आणि दुसरा लावतो. पाहुणा विचारतो, हे काय? तर पहिल्या दिव्यात राज्याचे तेल होते आणि आता आपण खाजगी बोलणार, म्हणून हा घरच्या तेलाचा. ही गोष्ट सांगून झाली की आमचे गुरुजी वर्गाकडे असे पाहत, की जणू आमच्यापैकीच कुणीतरी मगधाचे तेल चोरले आहे. माझ्या मनात मात्र तेव्हाही एकच शंका येई : दिवे बदलण्याचा हा खटाटोप चालला असताना तो पाहुणा अंधारात बसला होता काय?

पुढे जालन्याला सरकारी नोकरीत लागलो, तेव्हा आमच्या कचेरीत उर्दूचे जाणकार असे एक बुजुर्ग अव्वल कारकून भेटले. त्यांनी सांगितले, की ही गोष्ट चाणक्याची नव्हेच. ती खलिफा उमर बिन अब्दुल अझीज यांची, आणि दिवा नव्हे, मेणबत्ती! दुपारच्या डब्यावर आम्ही कैक दिवस हा वाद घातला. शेवटी एका गोष्टीवर दोघांचे एकमत झाले. चाणक्य असो की खलिफा, दोघांच्याही घरी दुसरा दिवा होता. ज्याच्या घरी दुसरा दिवाच नाही त्याने काय करावे, याबद्दल दोन्ही गोष्टींत अवाक्षर नाही.

हा प्रश्न आमच्या कचेरीत 2002 साली प्रत्यक्ष येऊन बसला. त्या वर्षी आम्हाला पहिला संगणक मिळाला. नारळ फुटला, पडद्याला कुंकू लागले, वरून प्लॅस्टिकचे आच्छादन आले. त्याच्या खोलीत चपला काढून जायचे असा दंडक निघाला. तो कुणी काढला ते शेवटपर्यंत कळले नाही. ‘एमएस-सीआयटी’ची परीक्षा पास झालो नाही तर वेतनवाढ थांबेल या भीतीने पन्नाशीला टेकलेली माणसे शाळकरी पोरांच्या शेजारी बसून माउस फिरवायला शिकली. माउस टेबलाच्या कडेशी पोचला की आता पुढे कुठे न्यायचा, असे म्हणून हात उचलून धरणारे गृहस्थ मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आणि मग हळूहळू, मुंग्यांना गूळ कळावा तसे सगळ्यांना कळले, की या पेटीत केवळ सरकारी पत्रेच मावतात असे नाही. कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल तिच्यात दिसू लागला. कुणाच्या सीईटीचा अर्ज, कुणाचे देवगिरी एक्स्प्रेसचे तिकीट, कुणाच्या जाफराबादच्या जमिनीचा सातबारा. सर्वांत जास्त पाने कशाची निघाली असतील, तर मुलींच्या स्थळांसाठी काढलेल्या माहितीपत्रकांची : वर गणपती, खाली उंची, शिक्षण, मामाचे आडनाव आणि बागायती किती, कोरडवाहू किती. जालना म्हणजे बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळ्या यांचे गाव. ‘जालना सोन्याचा पालना’ असे आम्ही म्हणतो. पण कारकुनाच्या घरी संगणक घेण्याइतके सोने त्या पाळण्यात नव्हते.

खरे म्हणजे ही काही नवी चाल नव्हे. संगणकाआधी टंकलेखनयंत्र होते, त्याआधी कार्बनचा कागद होता, आणि त्याच्याही आधी सरकारी दौतीत घरचा टाक बुडत असणारच. आमच्या मराठवाड्यात तर खाजगी-सरकारीची वाटणी खुद्द राज्यकर्त्यानेच करून ठेवलेली होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाचे प्रजाजन. त्या राज्यात ‘सर्फ-ए-खास’ म्हणून निराळा मुलूख असे आणि त्याचा वसूल सरकारी खजिन्यात न जाता निजामाच्या खाजगी खजिन्यात जाई. 1949 साली तो मुलूख सरकारात विलीन झाला. म्हणजे चाणक्याने दिवे दोन ठेवले, निजामाने मुलूख दोन ठेवले. सारा भरणाऱ्याला मात्र दोन्हीकडे पदरचेच तेल घालावे लागे.

तेव्हा सरकारी यंत्रावर घरचे काम केले की पाप झाले, असे मला म्हणवत नाही. पण कुणी म्हणेल, मग काहीच वाईट नाही काय? आहे तर! एकदा भोकरदनकडचा एक शेतकरी आमच्या एका टेबलासमोर बराच वेळ उभा होता. कारकून पडद्याकडे एकाग्रतेने पाहत होता. मधूनच कपाळाला आठी घालत होता. शेतकरी बिचारा आदराने गप्प. थोड्या वेळाने तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “साहेब, त्यांच्या चष्म्यात पत्ते दिसू लागले हो!” काचांत खरोखरच लाल-काळ्या पानांचे प्रतिबिंब हलत होते. त्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडाला होता, एसटीचे भाडे गेले होते, आणि इथे इस्पिकच्या राजावर बदामाची राणी चढत होती. माझा राग आहे तो यावर. किती वीज जळली आणि किती कागद गेला हा हिशेब मला क्षुद्र वाटतो. टेबलाच्या पलीकडे कोण उभे आहे, एवढेच मी पाहतो.

त्या पत्त्यांच्या खेळाचीही एक गंमत पुढे वाचण्यात आली. 1988 च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीत उमेदवारी करणाऱ्या एका मुलाने तो रचला आणि 1990 पासून तो विंडोजबरोबर जगभर गेला. त्या मुलाने खेळात एक कळ ठेवली होती : साहेब येताना दिसले की ती दाबायची, पत्ते अदृश्य होऊन हिशेबाचा खोटा तक्ता पडद्यावर यायचा. कंपनीने ती कळ काढून टाकायला लावली. ती असती तर न्यूयॉर्कच्या एका माणसाची नोकरी वाचली असती. 2006 साली तिथले महापौर मायकेल ब्लूमबर्ग एका कार्यालयात गेले असता त्यांना एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हाच खेळ दिसला आणि त्याला काढून टाकण्यात आले. आमच्या कचेरीत मोठे साहेब येण्याची वर्दी शिपाई आधीच देत असे, त्यामुळे आम्हाला त्या कळीची उणीव कधी भासली नाही.

आता काळ उलटला आहे. दिवा प्रत्येकाच्या खिशात आला. पण गंमत पाहा, सरकारी वातच आता घरच्या दिव्यात जळू लागली आहे! रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपच्या गटावर साहेबांचा हुकूम येतो : उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती पाठवा. पंचनाम्याचे फोटो स्वतःच्या फोनवर, नेटचा खर्च स्वतःचा, चार्जिंग घरच्या विजेवर. अंगणवाडीच्या ताईंना सरकारने फोन दिले होते. ते धड चालत नाहीत म्हणून 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभर त्यांनी आंदोलन करून ते परत केले, आणि तोवर कित्येकींनी पोषणाच्या नोंदी घरच्या फोनवर भरल्या होत्या. राज्याच्या कामासाठी घरचे तेल जाळले तर कोणता दिवा विझवावा, हे चाणक्याला कुणी विचारले नाही.

हे सारे मी इतक्या हलक्या मनाने लिहितो आहे खरा. पण या प्रश्नाची दुसरी बाजू मला कळली ती एका माणसाच्या माघारी.

आमच्या आस्थापना शाखेत एक सहकारी होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. घनसावंगी तालुक्यातल्या खेड्याचे. घरी मोसंबीची बाग. 2012 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या बागांच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा या गृहस्थाने टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवली. दिवसभर दुसऱ्यांची सेवापुस्तके भरायची आणि कचेरी सुटल्यावर अर्धा-पाऊण तास मागे थांबून घरचे काही टंकत बसायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. त्यांच्या संगणकात सरकारी कामाची पंधरा-वीस फोल्डरे होती आणि शेवटी एक होते. त्याचे नाव ‘इतर’. एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊ गेले. सोमवारी ताप आला म्हणून घरी राहिले, ते परत आलेच नाहीत. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पंचा तसाच वाळत होता.

जूनमध्ये वहिनी कचेरीत आल्या. बरोबर मुलगा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर सह्या झाल्या. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, त्यांचं काहीबाही या यंत्रात राहायचं. पाण्यावाल्याचा हिशेब, ताईचा बायोडाटा, कोणाला किती द्यायचं ते सगळं. घरात कागद म्हणून एक सापडंना. तेवढं काढून देता येईल का?”

आमचे साहेब माणूस म्हणून चांगले. पण खुर्ची कायद्याची. ते म्हणाले, “संगणक शासनाचा, तेव्हा त्यातली माहितीही शासनाचीच नाही का? उद्या कुणी विचारलं, तर? रीतसर अर्ज द्या, वर पाठवू.” अर्ज कोण लिहिणार? मीच बसलो. आणि कुठे टंकणार? भाऊंच्याच संगणकावर. ‘विषय : माझ्या दिवंगत पतीच्या संगणकातील खाजगी कागदपत्रे मिळणेबाबत.’ त्या यंत्रावरचे ते भाऊंच्या घरचे शेवटचे काम. आवक क्रमांक पडला, अर्ज वर गेला.

साहेबांच्या त्या वाक्यापायी पुढे मी पुष्कळ वाचत बसलो. रुमानियात, बुखारेस्ट शहरात, एका कंपनीने आपल्या इंजिनिअरला ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजरवर खाते काढायला सांगितले होते. 2007 साली कंपनीने त्याला विचारले, खाजगी कामाला वापरतोस काय? तो नाही म्हणाला. तेव्हा कंपनीने त्याच्यापुढे छापलेल्या 45 पानांची चळत ठेवली. भावाशी आणि वाग्दत्त वधूशी तो जे बोलला होता, ते तिच्यात शब्दन्‌शब्द होते! नोकरी गेली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात 2016 साली तो हरलाही. पण 5 सप्टेंबर 2017 रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 11 विरुद्ध 6 मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्यावर पाळत किती आणि कशी आहे, हे त्याला आधी सांगितलेले नव्हते; आणि कंपनीने कितीही नियम केले तरी नोकराचे खाजगी आयुष्य कचेरीच्या दारात शून्यावर आणता येत नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे. त्याच्या बारा दिवस आधी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते. यंत्र वापरू द्यावे की नाही हा मालकाचा प्रश्न. पण यंत्रात सापडले म्हणून माणूस मालकाचा होत नाही, एवढे मला त्यातून कळले. भाऊ तर आता कोणत्याच न्यायालयात जाणार नव्हते.

इकडे त्या खुर्चीवर नवा मुलगा रुजू झाला आणि संगणक पुसून कोरा करण्यासाठी तंत्रज्ञाची तारीख ठरली. अर्जाचे उत्तर आलेले नव्हते. मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. ते क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, “द्या काढून. कागद मागून होत राहील. मात्र सरकारी एक ओळ बाहेर जाता कामा नये; तुम्ही बसून निवडा.”

निवडा! हा शब्द सोपा नाही. तंत्रज्ञ म्हणाला, “काका, एकेक उघडून बघा, दहा मिनिटांचं काम.” मला ते जमेना. जिवंत माणसाच्या खिशात आपण हात घालत नाही. मी आधी केवळ नावे वाचत गेलो. ‘पाणी टँकर 2013’, ‘मोसंबी फवारणी’, ‘लाइट बिल’. ‘बायोडाटा ताई अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘अंतिम खरा’. ही तर उघड घरचीच. पण ‘अंबड’ नावाच्या फाइलचे काय करावे? अंबडच्या कुणाच्या बदलीचे प्रकरण असेल, नाहीतर मत्स्योदरी देवीच्या नवसाचा हिशेब! ‘दोन हजार अठरा’ म्हणजे काय? ‘उत्तर’ म्हणजे कुणाला उत्तर?

मग मला एक युक्ती सुचली. फाइल उघडायची आणि हाताने पडद्याचा खालचा भाग झाकून पहिली ओळ तेवढी पाहायची. मराठी कागदाचे एक बरे आहे. तो कुणाचा हे पहिल्याच शब्दाला कळते. ‘प्रति,’ असे आले की सरकारचा. ‘ती.’ किंवा ‘चि.’ आले की घरचा. ‘अंबड’ने ‘प्रति,’ म्हटले. ती मी ठेवून घेतली. ‘उत्तर’च्या पहिल्या ओळीत ‘चि.’ होते आणि त्यापुढे मुलाचे नाव. मी फाइल मिटली. भाऊ घरी रोज मुलाशी बोलत असतील. त्याला पत्र लिहावे आणि देऊ नये, असे त्यांना का वाटले असावे? तंत्रज्ञ माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, “पुढची घ्या.” एका पेनड्राइव्हमध्ये सगळे मावले, तरी थोडी जागा उरली.

तीन दिवसांनी मुलगा परत आला. “काका, काहीच वाचता येईना. सगळी इंग्रजी अक्षरं, तीही वेडीवाकडी.”

हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. भाऊंनी मराठी टंकन शिकले ते जुन्या अक्षरसंचावर, आणि पुढे युनिकोड आले तरी घरचे लिखाण त्यांनी त्याच जुन्या संचात चालू ठेवले होते. त्या संचांची गंमत अशी, की यंत्राच्या पोटात साठतात ती रोमन चिन्हे. अक्षरसंच त्यांना वरून देवनागरीचा अंगरखा चढवतो. ज्या यंत्रात तो संच नाही तिथे अंगरखा उतरतो आणि खाली राहतो तो अर्थहीन सांगाडा. म्हणजे भाऊंचे शब्द घरी गेले होते, पण ते वाचता येतील असे यंत्र त्या घटकेला सरकारचेच होते.

नव्या मुलाने लगबगीने उठून खुर्ची दिली. “बसा ना, इथंच वाचा.” भाऊंचा मुलगा खुर्चीपर्यंत गेला. खोलीत आम्ही सहाजण, शिवाय दाराशी कुणी अभ्यागत. त्याने एकवार सगळीकडे पाहिले आणि मला म्हणाला, “काका, इथं नको.”

मी त्याला अक्षरसंचाची ती फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून दिली आणि मित्राच्या लॅपटॉपवर ती कशी बसवायची ते कागदावर लिहून दिले. डेडस्टॉक रजिस्टरात संगणकाची नोंद होती, खुर्चीची होती, माउसखालच्या रबरी चौकोनाचीही होती. अक्षरांची कुठेच नव्हती.

‘उत्तर’मध्ये काय होते हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पाणीवाल्याचे देणे दिवाळीपूर्वी फिटले, हे वहिनींकडून कळले. पुढल्या बहाराची एक गोणी मोसंबीही घरी आली. ताईचे लग्न ठरले ते ‘अंतिम खरा’वर, की त्यानंतर आणखी एखादा निघाला, कोण जाणे. मी लग्नाला गेलो होतो. वहिनी पंगतीत वाढत होत्या. मुलगा दाराशी उभा राहून पाहुण्यांना अत्तर लावत होता.

भाऊंच्या संगणकाचे मी निवृत्त होण्याआधीच निर्लेखन झाले आणि तो भंगारात गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी वरून टपाल आले. वहिनींचा अर्ज मान्य झाला होता. पत्रात म्हटले होते, की अर्जदाराने ओळखपत्राच्या साक्षांकित प्रतीसह कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहून सदर कागदपत्रे ताब्यात घ्यावीत. मी त्यावर आवक क्रमांक घातला आणि ते नव्या मुलाच्या टेबलावर ठेवले. त्याने विचारले, “हे कुठं लावू?”

मी म्हटले, “इतर.”